पाचव्या बोअरआधी विहीर मोजा

जालना जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लिहिलेलं. गाव कालव्याच्या लाभक्षेत्राबाहेरचं. घरची चार एकर मोसंबी, साडेचारशे झाडं, चौदा वर्षांपूर्वी सासऱ्यांनी लावलेली. सासरे आता नाहीत. विहीर धाकट्या दिराशी सामाईक, वीस फूट व्यासाची आणि पन्नास फूट खोल, पाणी चार-चार दिवसांच्या पाळीने. दिराचा दीड एकर ऊस त्याच विहिरीवर. यंदा ऑगस्टमध्ये पावसाने महिनाभर दडी मारली, परतीचा तर आलाच नाही. आता मोटर रात्रभर बंद ठेवली तर विहीर जेमतेम तीन फूट चढते. गेल्या पाच वर्षांत ताईंच्या पतीने चार बोअर घेतले. दोन कोरडे गेले, एक पहिल्याच उन्हाळ्यात आटला, एक दिवसाला तासभर चालतो. सव्वातीन लाख रुपये त्यात गेले. आता आठशे फुटांच्या पाचव्या बोअरसाठी एक लाख वीस हजार शेकडा तीन रुपये महिना व्याजाने काढायचे ठरले आहेत. पानाड्याने, म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्याने, जागा दाखवली आहे, बोअरच्या गाडीवाल्याला पाच हजार इसारही दिला आहे. ताई घरचा हिशेब ठेवतात आणि त्यांचा या बोअरला विरोध आहे. ‘बाग वाळली तर तुझ्यामुळे,’ असं पती आणि सासूबाई दोघंही म्हणतात. पती रात्ररात्र झोपत नाहीत. दिराशी बोलणं बंद आहे. ताई विचारतात, ‘मी होकार द्यावा की अडून बसावं? दिराने ऊस मोडला तर सगळं सुटेल असं मला वाटतं, पण ते सांगायचं कुणी?’

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात कागद-पेन्सिल घेतली, कारण तुम्ही पत्रात जे आकडे दिले आहेत तेच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहेत. एवढे नीट आकडे मला फार कमी पत्रांत मिळतात. ज्या बाईने विहीर रात्रभरात किती चढते हे पाहून ठेवलं, तिच्यावर बाग वाळवल्याचा आळ येतो याचं मला खरंच वाईट वाटलं.

आधी बोअरचं बोलू, कारण इसार दिलेला आहे आणि वेळ थोडा आहे. हा बोअर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

यामागे एक समज आहे, आणि तो फक्त तुमच्या घरात नाही, आपल्या सगळ्या मराठवाड्यात आहे: पाणी खाली गेलं, म्हणजे आपणही खाली गेलं की ते सापडणार. गाळाच्या जमिनीत हे थोडंफार खरं ठरतं. आपल्या पायाखाली मात्र काळा पाषाण आहे, लाव्हारसाचे एकावर एक साचलेले थर. त्यात पाणी राहतं ते वरच्या मुरमात, कुजलेल्या खडकात, चिरा पडलेल्या आणि सच्छिद्र थरात. म्हणूनच आपल्या वाडवडिलांच्या विहिरी चाळीस-साठ फुटांच्या होत्या आणि तेवढ्यात भागत होतं. त्याखाली मोठा भाग घट्ट दगडाचा असतो. आठशे फुटांत एखादी फट लागली तर पाणी लागतं, नाही लागली तर पांढरी भुकटी उडते आणि गाडी निघून जाते. फट लागली तरी त्यात वर्षानुवर्षं झिरपून साठलेलं पाणी असतं. ते उपसून झालं की परत भरायला तितकीच वर्षं लागतात. तुमचा तिसरा बोअर एका उन्हाळ्यात आटला तो याच कारणाने.

त्यातही एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. खोल बोअर वरच्या ओल्या थरातून खाली जातो. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवायचा पाइप, नीट नसेल तर वरचं पाणी बोअरच्या भोकातून खालच्या कोरड्या फटीत उतरतं. पानाड्याने जागा बागेच्या कोपऱ्यात, म्हणजे विहिरीपासून जवळच दाखवली असेल, तर लाखभर रुपये खर्चून आपणच आपल्या विहिरीला भोक पाडलं असंही होऊ शकतं. कायदाही ध्यानात असू द्या. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीवर बंधनं आहेत. गावोगाव ती पाळली जात नाहीत हे मलाही दिसतं. पण ही मर्यादा घालताना आपल्या खडकाचा स्वभाव लक्षात घेतलेला आहे.

आता व्याज. एक लाख वीस हजारांवर शेकडा तीन म्हणजे महिन्याला ३,६०० रुपये, वर्षाला ४३,२०० रुपये, आणि मुद्दल जिथल्या तिथे. आधीच्या चारपैकी तीन बोअर आज उपयोगाचे नाहीत. इसाराचे पाच हजार बुडतील, ते बुडू द्या.

तरीही तुमच्या पतीला नुसतं ‘नको’ म्हणू नका. बोअरची गाडी दारात आली की माणसाला आपण काहीतरी करतोय असं वाटतं. ती गाडी नाकारली तर त्या हातांना दुसरं काम द्यावं लागेल. ते काम विहिरीपासून सुरू होतं.

एका दोरीला फुटाफुटावर गाठी मारा, खाली दगड बांधा. संध्याकाळी मोटर बंद झाल्यावर पाणी मोजा, सकाळी लाईट येण्याआधी परत मोजा. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे जवळपास ८,९०० लिटर. तुमची विहीर रात्रीत तीन फूट चढते, म्हणजे साधारण २७,००० लिटर. सोयीसाठी हीच तिची रोजची कमाई धरू. आता खर्च बघा. फळं अंगावर असलेल्या चौदा वर्षांच्या मोसंबीला एप्रिल-मे महिन्यांत रोज शंभर ते दीडशे लिटर लागतात. मी १२० धरते. साडेचारशे झाडांना रोज ५४,००० लिटर झाले. दिराच्या दीड एकर उसाला उन्हाळ्यात रोज सात मिलिमीटरच्या हिशेबाने ४२,००० लिटर लागतात, आणि तेही ठिबकने काटेकोर दिलं तर. पाटाने द्यायचं तर कितीतरी जास्त. दोघांची मिळून गरज ९६,००० लिटर, आणि विहीर आज देते २७,०००. एप्रिलमध्ये ती याच्या निम्म्यावर आली तर मला नवल वाटणार नाही.

म्हणून ‘दिराने ऊस मोडला तर सगळं सुटेल’ हा तुमचा समजही मला तपासावासा वाटतो. ऊस उद्या नाहीसा झाला तरी विहीर तुमच्या बागेची पूर्ण गरज भागवू शकत नाही. या उन्हाळ्यात त्या विहिरीवर चार एकर भरलेली मोसंबी आणि दीड एकर ऊस, दोन्ही जास्तच आहेत. दीर दोषी आणि तुम्ही निर्दोष असं हे गणित सांगत नाही. हे मान्य करून त्याच्याकडे गेलात तरच तो ऐकून घेईल असं मला वाटतं.

तुमच्या पाळीत एक खोटही आहे. चार दिवस तुमचे, चार दिवस त्याचे. यात आपल्या पाळीच्या शेवटच्या रात्री विहिरीत थेंब ठेवण्यात कुणालाच रस नसतो, कारण उरलेलं पाणी दुसऱ्याचं होतं. मग गरज असो नसो, तळ दिसेपर्यंत मोटर चालते. त्यात लाईट कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीच्या पाळीत स्टार्टरला ऑटो लावून माणूस झोपतो आणि पाणी दंडातून वाहून जातं. पूर्वी मोटेवर हे चालायचं, कारण बैल दमत होते. पाच हॉर्सपॉवरची मोटर दमत नाही.

दिवस वाटण्याऐवजी पाणी वाटा. पुरंदर तालुक्यातल्या नायगावची पाणी पंचायत तुम्ही ऐकली असेल. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी ती उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने दिलं नाही, माणशी दिलं. दर माणशी अर्ध्या एकराचं, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही पाण्यात हिस्सा होता, आणि ऊस लावायचा नाही असा नियम होता. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की आधी पाणी किती ते ठरलं, मग पीक. आपण नेमकं उलटं करतो. तुमची दोनच घरं आहेत, एकच आई आहे. नायगावच्या अख्ख्या वस्तीला जे जमलं त्याचा लहानसा तुकडा तुम्हाला जमावा.

तुमच्या जागी मी असते तर काय मांडलं असतं ते सांगते. तासभर चालणाऱ्या बोअरचं पाणी फक्त घराला आणि गोठ्याला. विहीर सगळी शेताला. दिराला ‘ऊस मोड’ म्हणायचं नाही. त्याचा ऊस फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येईल, तोवर त्याला जगण्यापुरतं पाणी द्यायचं. मागायचं एवढंच की यंदा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, ठेवू नये. उभं पीक मोडणं आणि तोडलेल्या उसाचा खोडवा न ठेवणं यात माणसाच्या मनाला फार फरक पडतो. ऊस तो हौसेने करत नाही, हेही बोलताना लक्षात असू द्या. कारखान्याचा दर आधी ठरलेला असतो, व्यापारी बागेत येऊन पाडून मागत नाही, रोज मजूर शोधावे लागत नाहीत. मोसंबीत यातलं काहीच नाही. तेव्हा त्याच्या हक्काचं पाणी फुकट मागू नका. मार्च ते जून तो आपला वाटा बागेला देईल, त्याबदल्यात पुढच्या बहारात त्याला चार आणे हिस्सा. गुराढोरांच्या चाऱ्यासाठी अर्धा एकर कडवळ आत्ताच, विहीर चालते आहे तोवर, दोघांत मिळून करून घ्या. उन्हाळ्यात विकतच्या कडब्याचे पैसे वाचतील. ठरेल ते साध्या कागदावर लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. सातबाऱ्यावर विहिरीतल्या हिश्श्याची नोंद आहे का तेही एकदा बघून ठेवा, भांडणासाठी नाही, पुढच्या पिढीसाठी.

हे बोलायचं कुणी, असं तुम्ही विचारलंत. मला वाटतं सासूबाईंनी. त्या आज तुमच्या विरोधात आहेत असं तुम्हाला वाटतं, पण दोन्ही मुलांना एका ओट्यावर बसवू शकेल असं दुसरं माणूस त्या घरात नाही. त्यांना तुमची वही दाखवा. बोअरचे चार आकडे एकाखाली एक लिहा, त्याखाली विहिरीचा आकडा. सासऱ्यांच्या हातच्या झाडांसाठीच आपण हे करतोय, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या.

आता बाग, आणि इथे एक निर्णय याच पंधरवड्यात घ्यावा लागेल. आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा बहार. पाणी तोडून ताण दिलेला असेल आणि आता पाणी सुटलं तर फुलं लागतील, फळं सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत अंगावर राहतील, म्हणजे सबंध उन्हाळा झाड लेकुरवाळं राहील. तुमच्या विहिरीला ते झेपणार नाही. कर्ज आहे म्हणून बहार धरावा असं तुमच्या पतीला वाटत असणार, आणि ते मी समजू शकते. पण पाणी नसताना धरलेला बहार मे महिन्यात गळतो आणि जाताना झाडालाही घेऊन जातो. फुलं-फळं आली असतील तर ती झाडून टाका. फक्त झाड जगवा. पाऊस वेळेवर आला तर जून-जुलैत मृग बहार धरता येईल. ज्या भागात उन्हाळ्यात पाणी नसतं तिथे तोच सोयीचा. बदनापूरचं मोसंबी संशोधन केंद्र आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र तुमच्याच जिल्ह्यात आहेत. तिथे पतीला घेऊन जा, फोनवर भागवू नका. शास्त्रज्ञांनी सांगितलेलं आणि बायकोने सांगितलेलं यात घरात फरक केला जातो, हे आपल्या दोघींनाही माहीत आहे.

फळं नसलेल्या झाडाला ठिबकवर, आच्छादन असेल तर, जगण्यापुरते रोज चाळीस लिटर पुरतात. साडेचारशे झाडांना १८,००० लिटर. आजची विहीर ते देते. एप्रिलमध्ये ती १३,००० वर आली तर सव्वातीनशे झाडांपुरतं पाणी उरेल. म्हणून आजच बागेत फिरा आणि झाडांना दोन रंगांच्या चिंध्या बांधा. डिंक्या रोगाने खचलेली, शेंड्याकडून वाळत आलेली, मर पडलेल्या जागी उशिरा लावलेली झाडं एका रंगाची. पाणी अपुरं पडेल त्या दिवशी त्यांचे ड्रिपर बंद करायचे. ते दुःखाचं काम आहे. पण मेच्या कडक उन्हात घाईने ठरवण्यापेक्षा जानेवारीत शांतपणे ठरवलेलं बरं.

हे मी पाहिलेलं आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा तुटल्या. माझ्या मामांनी सहाशे झाडांना अखेरपर्यंत सारखं पाणी दिलं, थोडं थोडं, एकालाही उपाशी ठेवायचं नाही म्हणून. टँकर आणले, मामीची पोत गेली. जूनमध्ये पहिला पाऊस झाला तेव्हा पालवी फुटली ती साठ-सत्तर झाडांना. मामा चांगला शेतकरी होता. त्याला कुणी एवढंच सांगायला हवं होतं की काही झाडं सोडलेली चालतात.

आच्छादनाला कमी लेखू नका. दिराचा ऊस तुटला की पाचट जाळू न देता ते बागेत आणा. आळ्यात चार-सहा इंच थर घाला. सोयाबीनचा भुसा, तुरीचं भुसकट, जे असेल ते. खोडांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावा. केओलिन या पांढऱ्या मातीच्या फवारणीने पानांतून उडणारं पाणी कमी होतं, त्याचं प्रमाण कृषी विज्ञान केंद्रात विचारा. ठिबकच्या गळक्या नळ्या आधी दुरुस्त करा. पाणी संध्याकाळनंतर द्या. हे सगळं करूनही मेअखेर दहा-वीस दिवस कमी पडले, तर निवडक झाडांसाठी टँकर घ्या. रोजची तूट पाच हजार लिटर धरली तर वीस दिवसांना एक लाख लिटर होतात, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. तुमच्याकडचा दर लावून बघा आणि तो आकडा बोअरच्या आकड्याशेजारी वहीत लिहा.

शेततळ्याबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय. जरूर करा, पण विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरण्यासाठी नको. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, उताराच्या बाजू धरल्या तर त्यात सुमारे बावीस लाख लिटर मावतात. उन्हाळ्यात रोज आठ मिलिमीटर वाफ धरली तर शंभर दिवसांत सात लाख लिटरांहून जास्त उडून जातात, जवळपास तिसरा हिस्सा. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं, यात शहाणपण नाही. पावसाळ्यात ओढ्याचं वाहून जाणारं पाणी वळवून ते भरत असेल तर मात्र ते सोन्यासारखं आहे. तुमच्याच तालुक्याच्या आसपासची माणसं कडवंचीला जाऊन आली असतील. कमी पावसाच्या त्या गावाने आधी डोंगरापासून पाणलोटाची कामं केली, मग शेततळी केली, आणि त्यावर द्राक्षं पिकवली. आधी माथ्यावर अडवणं, मग पायथ्याशी साठवणं, हा क्रम पतीला आणि दिराला दोघांनाही एकदा जाऊन पाहू द्या.

तुमच्यासारखीच पत्रं डाळिंबवाल्यांची, द्राक्षवाल्यांची येतात, त्यांनाही हे थोडंफार लागू आहे. ज्यांची विहीर एकट्याची आहे त्यांनी मोजणी आजच सुरू करावी, त्यांना कुणाची समजूत काढायची नाही. पण ज्यांच्या शेजारच्या चारही बांधांवर बोअर चालू आहेत, त्यांचा प्रश्न एका घराने सुटणारा नाही. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही असं गाव म्हणून ठरवलं, आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीत काय पेरायचं ते ठरवतात. कमी पावसाचं गाव आहे ते. येत्या ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तुम्ही तुमची वही घेऊन उभ्या राहिलात तर पहिल्या वर्षी लोक ऐकून सोडून देतील. दुसऱ्या वर्षी विचारतील, विहीर यंदा किती चढली?

दोन गोष्टी राहिल्या. कोरड्या गेलेल्या बोअरची तोंडं उघडी असतील तर आज संध्याकाळच्या आत झाकणं बसवा, वेल्डिंग करून. तुमच्या घरात लहान मुलं आहेत.

दुसरी, तुमच्या पतीची झोप. तुम्ही ते एका वाक्यात लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. कर्ज, वडिलांची बाग, भावाशी अबोला, हे सगळं एका माणसाच्या छातीवर आहे. त्यांना हिशेबाच्या वेळी चुकीचं ठरवू नका. एका रात्री, काही काम नसताना, बाजूला बसा आणि विचारा की सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. ते हरल्याचं, नकोसं झाल्याचं बोलले तर ‘असं बोलू नये’ म्हणून विषय तोडू नका. नीट ऐका, एकटं सोडू नका आणि १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवस-रात्र चालतो, मराठीत बोलता येतं. गरज पडली तर तालुक्याच्या रुग्णालयात सोबत जा. साडेचारशे झाडांपैकी किती राहतील ते जूनमध्ये बघू, पतीचं मात्र थांबवून ठेवू नका.

दोरी आजच करा. उद्या सकाळी लाईट येण्याआधी पहिला आकडा घ्या, आणि तो घ्यायला जमलं तर त्यांना सोबत न्या.